पंचाहत्तर किलोवर

१० नोव्हेंबर, सोमवार

बेंच प्रेस ७५ × ४. पाचवा रेप गेला नाही. जिममधल्या वानखडेंनी दोन बोटं लावून रॉड वर घेतला. ऑगस्टपासून हेच चाललंय. दंड साडेचौदा इंच, तोही ऑगस्टपासून तेवढाच. वजन ७१.

इरफान म्हणाला, "परकाशभाऊ, रूटीन बदला आता. बॉडीले आदत पडली तुमच्या." जिम त्याचीच, खताच्या दुकानावरचा हॉल. पावसाळाभर युरियाचा वास येतो, आता जरा कमी आहे.

दहा वर्षांत ७५ च्या वर कधी गेलो नाही. मागच्या वर्षी दिवाळीत पहिल्यांदा ७५ पाच वेळा गेलं. घरी येऊन बायकोला, रेखाला सांगितलं. अंथरुणात पडल्या पडल्या म्हणाली, "म्हंजे माह्याहून किती जास्त?" तेव्हा ती ४६ किलो होती. पौषात गेली तेव्हा ३५. शेवटी शेवटी मीच उचलून न्हाणीत न्यायचो. इकडे आकडा चढत होता, तिकडे उतरत होता, आणि मी दोन्ही उचलत होतो.

जानेवारी ते मार्च वही कोरी आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

फराळाचा शेवटचा डबा आज रिकामा केला. चकल्या नरम पडलेल्या. पहिलं वर्ष म्हणून आपल्याकडे दिवाळी नव्हती, तर चार घरांतून चार डबे आले. माणूस गेलेल्या घरात सगळ्यात जास्त फराळ असतो आणि खायला एकच जण.

डबे घासून परत केले. रिकामे. रिकामा डबा परत करू नये म्हणतात. पण टाकणार काय त्यात.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन रूटीन समोर आहेत.

इरफानचं: आठवड्यातून सहा दिवस, रोज एकच भाग. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, असं. प्रत्येकाला पाच-सहा प्रकार, रेप बारा-पंधरा. दीड तास.

वानखडेंचं: आठवड्यातून तीनच दिवस. स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्ट. पाच सेट, पाच रेप. बाकी काही नाही. वानखडे बँकेत गार्ड आहेत, फौजेतून आलेले, वय पंचावन्न. एकदा दुखणं झालं म्हणून इतरांसारखं रूटीन बदलत बसले नाहीत, असं ते स्वतःच सांगतात.

आज दोघांची माझ्यावरून जुंपली.

"आरशापुढं उभं राहाचं असन त इरफानचं कर बे परकाश. वजन उचलाचं असन त माह्यं कर."

"काका, तुमच्या रूटीननं तुमचं पोट काऊन नाही गेलं मग?"

"हे पोट नाही, पेन्शन हाये."

सगळे हसले. मी पण.

शाळेत सर दरवर्षी अकरावीला सांगतात, प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. मी प्रयोगशाळा सहायक, स्टँडला ब्युरेट लावता लावता ऐकतो, सोळा वर्षं झाली. तेव्हा तसंच करतो. आधी तीन आठवडे इरफानचं, मग तीन आठवडे वानखडेंचं. मेसचा डबा तोच, झोप तीच. जो आकडा हलवेल तो धरायचा.

एक गोष्ट मात्र आधीच बदललेली आहे. जानेवारीपासून. ती दोघांनाही माहीत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

इरफानचं रूटीन, दुसरा दिवस. पाठ.

पाणी पिताना वानखडेंनी धरलं. "खाऊन काय राह्यला तू?"

"मेसचा डबा. दूध. भिजवलेले चणे."

"अन् अंडे?"

"सोडले."

"काऊन? पह्यले त सहा-सहा खात होता."

"अ‍ॅसिडिटी."

त्यांनी पाहिलं फक्त. फौजी माणूस, खोटं लगेच ओळखतो. पुढे विचारलं नाही, हे त्यांचं बरं आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

लिहूनच टाकतो. नाहीतर हे वहीत नसलेलं सारखं मध्ये येतं.

रेखाचं माहेर दुसरबीड. सगळं घर माळकरी. लग्नात तिच्या गळ्यात तुळशीची माळ होती. घरात मी एकटाच खाणारा, तेही फक्त अंडी, जिम लागल्यापासून. सुरुवातीला मीच मागच्या दारी स्टोव्हवर उकडायचो. अर्धी फुटायची. एक दिवस सकाळी पाहिलं तर ती स्टोव्हपाशी बसलेली आणि गळा मोकळा.

"माळ कुठंय?"

"ठेवली. माळ घालून अंड्याले हात नाही लावता येत. तुमाले त जमत नाही, रोज दोन वाया जातात."

बस, एवढंच बोलणं झालं. त्यानंतर दहा वर्षं. वेगळी पातेली, घरात कधी आणली नाही. पाणी उकळलं की नऊ मिनिटं. मग थंड पाण्यात सोलायची, एकाचंही पांढरं कधी तुटलं नाही. तोंड बाजूला करून सोलायची, वास सहन व्हायचा नाही. स्वतः कधी चाखलंसुद्धा नाही. मग साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन देवापाशी.

मी तिला काढ म्हटलं नव्हतं. घाल परत, असंही कधी म्हटलं नाही.

तेरवीला पाहुणे बसलेले असताना सासूबाई बोलल्या. रडत नव्हत्या. "माळ उतरली तिथंच पोरीचं आयुष्य उतरलं. ह्यांच्या अंड्यापायी." चाळीस माणसं. सगळ्यांनी ऐकलं. मग रिवाजाप्रमाणे विचारलं, वर्षभर तिच्या नावानं कोण काय सोडतं. चुलत सासऱ्यांनी वांगं सोडलं. मेव्हण्याने, गजाननने, पान सोडलं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणालो, अंडी.

काहींनी माना हलवल्या, म्हणजे मी दोष कबूल केला असं त्यांना वाटलं. गजाननचं पान होळीला परत सुरू झालं, मी पाहिलंय.

संभाजीनगरच्या डॉक्टरांना मी विचारलं होतं. ती असतानाच. अंड्यांचा वास, स्टोव्हचा धूर, काही संबंध? त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "शिकलेले आहात ना तुम्ही?" म्हणाले.

शिकलेला आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

खांदा दुखतो. सोमवारी बें. ७५ × ३. खाली आलो. इरफान म्हणतो, दुखतंय म्हणजे लागतंय. आरशात काही फरक नाही. तो मोबाइलवर माझे फोटो काढून ठेवतो, आधीचा आणि नंतरचा. दोन्ही सारखेच दिसतात, फक्त बनियन वेगळं.

"रूटीन कितीबी भारी असू द्या परकाशभाऊ, खुराक नाही त काय करन ते? पावडर तरी घ्या."

नको म्हणालो. पावडर घेतली तर दोन गोष्टी बदलतील.

हे कारण मला स्वतःलाही पुरेसं वाटत नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

आज प्रॅक्टिकलला प्रथिनांची परीक्षा होती. अंडी मीच आणायची असतात. जयस्तंभाजवळच्या गाड्यावरून डझनभर आणली. गाडेवाला म्हणाला, "लय दिवसानं दिसले सर." मी सर नाही, सहायक आहे, पण तो सर म्हणतो.

पांढरं वेगळं काढून पाण्यात ढवळलं, गाळलं, परीक्षानळ्यांत भरलं. कॉस्टिक सोडा, मग मोरचुदाचे दोन थेंब. सगळ्या नळ्या जांभळ्या. एका पोरीची झाली नाही, तिने थेंब जास्त टाकले. "काका, माझ्यात प्रथिनं नाहीत का?" पोरं हसली.

पिवळे बलक वाटीत उरले आणि दोन अख्खी अंडी. दरवर्षी ती मी घरी न्यायचो. आज शिपायाला दिली. त्याने तिथेच बर्नरवर चमच्यात तेल घालून... सरांना वास गेला, बोलणी खाल्ली त्याने. मी खिडक्या उघडत उभा राहिलो. हाताला वास होता. कोपरापर्यंत धुतले.

नुसता हात लावला तर मोडतं का, हे तेरवीला कुणी सांगितलं नव्हतं.

७ डिसेंबर, रविवार

इरफानचे तीन आठवडे संपले. बें. ७५ × ३. दंड साडेचौदा. वजन ७०.२. निकाल: उणे.

इरफानला वाईट वाटलं. खरंच वाटलं. "सहा हप्ते करा नं," म्हणाला. ठरलं ते ठरलं.

१० डिसेंबर, बुधवार

वानखडेंचं रूटीन, दुसरा दिवस. सोपं वाटतं, पण नाही. पाच सेट स्क्वॉट झाल्यावर जिना उतरताना कठडा धरला.

त्यांची शिकवायची पद्धत शिव्या देण्याची आहे. "श्वास पोटात घे बे, छातीत काय ठेवतं, तिथं जागा आहे का तुह्या?" कोणत्या अर्थाने म्हणाले कळलं नाही. बहुतेक कोणत्याच नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

गजाननचा फोन.

"दाजी, वर्षश्राद्ध सात तारखेला येते. पंचमी. आई आदल्या दिवशीच येणार तुमच्याकडं. वडे तीच करते म्हणली."

"बरं."

"अन् एक सांगाचं व्हतं. आईनं रेखाताईची माळ जपून ठेवली व्हती. नवीन दोऱ्यात ओवून घेतली. म्हणते, त्या दिवशी तुमच्या गळ्यात घालायची."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दाजी? ऐकू येऊन राह्यलं ना?"

"येतंय."

"तसंबी तुम्ही सोडलंच हाये ना. आता कायमचं म्हणायचं, एवढंच."

एवढंच. वर्षभराचं सोडणं मी संपेल म्हणून धरलं होतं. रोज एक दिवस कमी. माळ घातली की संपणार नाही, आणि तेरवीला त्या बोलल्या ते माझ्या गळ्यात कायमचं दिसत राहील. येणारे-जाणारे विचारतील, तुम्ही कधी घेतली माळ? तर सांगायचं, बायको गेल्यावर. का? तर...

नाही घातली तर काय म्हणतील तेही माहीत आहे.

२२ डिसेंबर, सोमवार

आज रॉड छातीवर बसला. बें. ७५, तिसरा सेट, चौथा रेप. खाली आला आणि वर जाईना. वानखडे पाणी प्यायला गेलेले. ओरडता येत होतं, ओरडलो नाही. किती वेळ, दहा सेकंद असेल. छताचा पंखा बघत होतो.

ते धावत आले, उपसला. "तोंड नाही का बे तुले? माह्या रूटीननं मेला असता त इरफाननं जिल्हाभर सांगितलं असतं!"

इरफान: "काका, मी त पेपरात देलं असतं."

मग वानखडे शेजारी बसले. हळू आवाजात म्हणाले, "घाबरला नाही तू. तेच खराब हाये."

२९ डिसेंबर, सोमवार

वानखडेंचे तीन आठवडे. स्क्वॉट पाच किलोने वाढला, पण तो नवीनच होता, धरण्यासारखा नाही. बें. ७५ × ४. नोव्हेंबरात होतो तिथेच. दंड तोच.

म्हणजे रूटीनमध्ये नाही. दोन्ही करून पाहिली. उरलेली गोष्ट एकच. मला आधीपासून माहीत होतं, सहा आठवडे उगीच घालवले. किंवा उगीच नाही. सात तारखेच्या आत मला हे वहीत हवं होतं: अंडी सोडली म्हणून अडलं. म्हणजे ती माझ्या अंगाला लागत होती. म्हणजे रेखा दहा वर्षं जे करत होती त्याला काही अर्थ होता, आणि अंड्यांना नावं ठेवणाऱ्यांना...

उद्यापासून जिम बंद. घर साफ करायचं, किराणा, महाराजांना सांगायचं.

६ जानेवारी, मंगळवार

सासूबाई दुपारी आल्या. गजाननने दारात सोडलं आणि बाजारात गेला. वर्षात खूप वाळल्या. मला म्हणाल्या, "वाळलात, जावईबापू." मी पाणी दिलं.

उडदाची डाळ धुवायला बसल्या. मी पाणी ओतत होतो.

"अंडे?"

"नाही खाल्ली."

"एकबी नाही?"

"नाही."

बराच वेळ डाळ चोळत राहिल्या. सालपटं वर येत होती, ती ओंजळीने काढत होत्या. मग खाली बघूनच म्हणाल्या, "रेखानं मला इचारून काढली व्हती माळ."

मी तांब्या खाली ठेवला.

"मीच म्हनले काढ म्हनून. म्हनले, नवऱ्याच्या ताटात जे लागतं ते बाईनं करावं. माळ काय, म्हातारपनी परत घालता येती."

"मग तेरवीला तसं का बोललात?"

"मग काय बोलनार व्हते मी? कोनाला तरी बोलावंच लागतं ना. माझ्या अंगात तेवढं बळ नव्हतं. तुम्ही धट्टेकट्टे. वाटलं, तुम्हाला पेलंल."

मी उठून मागच्या दारी गेलो. पातेली अजून तिथेच खिळ्याला. परत आलो तेव्हा डाळ निथळत ठेवली होती आणि त्या पदराला हात पुसत होत्या.

"आता तुम्ही घाला ती. तिची माळ तुमच्या गळ्यात आली म्हंजे माझ्याबी डोक्यावरचं उतरंल."

म्हणजे वर्षभर मी त्यांचं उचलत होतो. आणि आता विचारतात, आणखी उचलता का. एवढ्या सरळपणे विचारलं की राग कुठे ठेवावा ते कळेना. रागही त्यांच्याच डाळीच्या पाण्याबरोबर मोरीत ओतला असता तर बरं झालं असतं. ओतला गेला नाही.

७ जानेवारी, बुधवार

श्राद्ध झालं. महाराज वेळेवर आले. कावळा लवकर शिवला, सगळे म्हणाले चांगलं झालं.

पान वाढल्यावर सासूबाईंनी ताटलीत माळ ठेवली, फोटोपुढे. गजानन म्हणाला, "दाजी, घ्या वाकून."

"आज नाही."

"मंग कधी?"

"सांगतो."

चुलत सासरे वडा मोडता मोडता शेजाऱ्याला म्हणाले, मला ऐकू येईल असं, "सुटत नसतीन अंडे. ब्वॉडी हाये ना." दोघे-तिघे हसले. वर्षभर एक खाल्लं नाही. त्या माणसाने सोडलेलं वांगं आज भाजीत होतं आणि त्याने दोनदा मागून घेतलं. वर्ष संपलं म्हणे.

सासूबाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांना वाटलं असणार, मी आता सगळ्यांसमोर सांगेन, माळ कुणाच्या सांगण्यावरून उतरली. गजाननलाही ते माहीत नसावं.

सांगितलं नाही. माळही घातली नाही.

८ जानेवारी, गुरुवार

सासूबाई गेल्या. जाताना माळ ताटलीतच ठेवली. "संक्रांतीला फोन करते. तवर ठरवा. जुलूम नाही."

वाकून नमस्कार केला. डोक्यावर हात ठेवला त्यांनी, जरा जास्त वेळ.

९ जानेवारी, शुक्रवार

अकरा दिवसांनी जिम. कोणतं रूटीन करायचं हे ठरलेलं नव्हतं. सरळ बेंचवर पडलो. ७० हलकं गेलं. ७५ × ५. थांबलो, पुन्हा ७५ × ५. इरफानने न विचारता दोन्हीकडे सव्वा-सव्वा किलोच्या प्लेटा चढवल्या.

७७.५ × ३. कुणाचं बोट न लागता.

आजवर कधीच नाही.

इरफानने शिट्टी मारली. "माह्या रूटीनचा असर हाये. लेट आला, पण आला."

"चूप बे. तुह्या रूटीननं त खांदा गेला व्हता त्याचा. हे माह्यं."

मग वानखडे मला म्हणाले, "खरं सांगू? ना त्याचं, ना माह्यं. दहा-बारा दिवस घरी बसला, हाडं निवली तुही. तेवढंच पाह्यजे व्हतं. एप्रिलपासून एक हप्ता सुट्टी घेतली नव्हती तू."

पाठीवर थाप मारली. सगळे खूश होते. मी रॉडकडे बघत होतो. मला काय झालंय ते कुणालाच कळलं नाही, इरफान म्हणाला, "हसा नं भाऊ, पेढे नाही मागत."

११ जानेवारी, रविवार

अंडी खाऊन दहा वर्षांत ७५. अंडी न खाता ७७.५. हा प्रयोग शाळेत असता तर सरांनी निष्कर्ष एका ओळीत लिहायला सांगितला असता. मी लिहीत नाही.

सासूबाईंना हे कळलं तर साधी गोष्ट आहे. म्हणतील, नाही लागत ना मग, घाला. खरंच अडणार नाही माझं काही. गळ्यात माळ घालून बेंच मारता येतो, आत बनियनमध्ये घ्यायची. म्हातारीचं डोकं हलकं होईल.

पण मग थंडीत सकाळी सहाला ती मागच्या दारी तोंड फिरवून बसायची, ते कशासाठी? ज्याची गरजच नव्हती त्यासाठी गळा मोकळा केला? आणि मी समोर बसून मीठ लावून खायचो, सहाच्या सहा, आणि वाटायचं अंगाला लागतंय.

गजाननचा मेसेज आला, "आई विचारते, ठरलं का." अजून उत्तर दिलं नाही.

उद्या ८० लावणार आहे. नाही गेलं तर बरं.